फाउंड्री, चप्पल कारागीर आणि चित्रकार: एकमेकांचं कौशल्य घेण्याचा नीट क्रम

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीत फाउंड्री (धातू वितळवून ओतण्याचे कारखाने) आणि मशीन शॉप. सुभाषनगर-जवाहरनगरात चप्पल कारागीर, गंगावेशीला कुंभार, कलानिकेतन आणि दळवीज या कलाशाळांमधून बाहेर पडणारे चित्रकार, नाटकवाले नेपथ्यकार. सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात. तरीही ही माणसं एकत्र आणली की एक दिवसाची कार्यशाळा होते, सत्कार होतो, ग्रुप फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या जागेवर काहीही बदललेलं नसतं. चूक माणसांची नसते, क्रमाची असते. आधी पाहुणे ठरतात, मग विषय शोधला जातो, कागद शेवटी होतात आणि मानधनाचं कुणी बोलतच नाही.

खालचा क्रम एका छोट्या जोडीसाठी आहे: एक कारखाना, एक कलाकार किंवा कारागिरांचा गट, आठ ते दहा आठवडे. दोन उदाहरणं शेवटपर्यंत घेतली आहेत. पहिलं, फाउंड्रीत कोअर (ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा गाभा) बसवण्याच्या जागी चित्रकाराने करायचा कामसूचना फलक. दुसरं, पट्ट्यासाठी चपलेच्या तळाला चिरा कुठे मारायच्या ते आखण्यासाठी टूलरूमने (कारखान्यातल्या हत्यारं-साचे करणाऱ्या विभागाने) करायची जिग, म्हणजे आखणीचा साचा.

## टप्पा १: एकच प्रश्न, एका वाक्यात

"कामगारांची सर्जनशीलता वाढवायची" किंवा "कारागिरांना आधुनिक करायचं" हे प्रश्न नाहीत. त्यावर काम करता येत नाही आणि काम झालं की नाही तेही कळत नाही. प्रश्नात तीन गोष्टी हव्यात: जागा, माणूस आणि नुकसान.

- "रात्रपाळीत नवीन माणूस कोअर उलटा बसवतो आणि कास्टिंग (ओतलेला भाग) रिजेक्ट होतं."
- "डाव्या आणि उजव्या तळाच्या चिरा तीन-चार मिलिमीटरने मागेपुढे होतात आणि जोड जुळत नाही."

प्रश्न मालकाला विचारा, सुपरवायझरला विचारा आणि प्रत्यक्ष हात चालवणाऱ्यालाही विचारा. तिन्ही उत्तरं वेगळी आली तर हात चालवणाऱ्याच्या उत्तरापासून सुरुवात करा. नुकसान कुठे होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

मग आजचा आकडा लिहून ठेवा. फाउंड्रीत मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर काढा, पाळीनुसार आणि कारणानुसार. कारागिराकडे रजिस्टर नसतं, म्हणून पुढचे दोन आठवडे एका वहीत रोज दोनच आकडे लिहायला सांगा: किती जोड केले, किती उसवून पुन्हा करावे लागले. हे आत्ता केलं नाही तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही यावर नुसती मतं उरतात.

तपासा: दोन्ही बाजूंनी एकेक प्रश्न आला आहे का? फक्त कारखान्याचाच प्रश्न सुटणार असेल तर ती देवाणघेवाण नाही, साधं जॉबवर्क आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग त्याचं कोटेशन घ्या आणि जॉबवर्कचे पैसे द्या.

## टप्पा २: वेळ आणि माणसं

तारीख सभागृह कधी रिकामं आहे त्यावरून ठरवू नका, हंगामावरून ठरवा.

चप्पल कारागिरांना पावसाळ्यात तुलनेने सवड असते. कातडं वाळत नाही, विक्रीही मंदावते. कुंभारांना गणेशोत्सवाच्या आधीचे चार-पाच महिने हातही लावू नका. त्यापाठोपाठ नवरात्राच्या मूर्ती येतात, म्हणून दसऱ्यानंतरच जा. साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, तिथल्या वर्कशॉपशी बोलायचं तर हंगाम संपल्यावर. इंजिनिअरिंग युनिटमध्ये मार्च महिना डिस्पॅचचा असतो, त्या महिन्यात सुपरवायझर तुमच्याशी पाच मिनिटं नीट बोलणार नाही. नाटकवाल्यांचं राज्य नाट्य स्पर्धेचं वेळापत्रक आधी विचारून घ्या.

माणसं कमीत कमी पाच लागतात. ज्याचा प्रश्न आहे तो, म्हणजे सहसा सुपरवायझर. शिकवणारा एक. शिकणारे दोन, कारण एकच शिकला आणि त्याने नोकरी सोडली तर सगळं त्याच्याबरोबर जातं. आणि जोडणारा एक, जो दोन्ही बाजूंचे फोन घेईल, वेळा जमवेल, वही ठेवेल. जोडणारा कला महाविद्यालयातला शिक्षक चालतो, कारखान्यातला एचआरवालाही चालतो, पण दोन्ही ठिकाणी पायाने जाणारा हवा.

कारखान्यांपर्यंत पोचायला कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक किंवा गोकुळ शिरगावची गोशिमा या संघटना सोयीच्या. कारागिराकडे मात्र थेट त्याच्या कामाच्या जागी जा. व्यापाऱ्यामार्फत गेलात तर कारागीर व्यापाऱ्याला चालेल तेवढंच बोलतो.

## टप्पा ३: कागद, पहिल्या भेटीच्या आधी

दोन पानं पुरतात, मराठीत, दोघांच्या सह्यांची. त्यात हे मुद्दे हवेतच.

फोटो आणि गुपित. फाउंड्रीतली बरीच ड्रॉइंग ग्राहक कंपनीची असतात आणि कारखान्याने गोपनीयतेचा करार केलेला असतो. कुठल्या विभागात कॅमेरा चालेल, कुठे नाही, फोटो कोण तपासणार, हे लिहा. तोंडी "घ्या की हो फोटो" यावर जाऊ नका.

चित्राचा हक्क. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या चित्रकाराबाबत तसं गृहीत धरता येत नाही. हक्क द्यायचा असेल तर कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून कोणतं चित्र, कशासाठी, किती वर्षं, कुठे, हे चारही लिहा.

डिझाइन. वस्तूचा नवा आकार किंवा नक्षी तयार होणार असेल तर आधी डिझाइन नोंदणीचा अर्ज, मगच ती बाहेर दाखवायची. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला फोटो टाकला किंवा प्रदर्शनात वस्तू मांडली की नावीन्य गेलं आणि नोंदणी अडते. नोंदणी १० वर्षांची असते, पुढे ५ वर्षं वाढते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नोंदणी होऊ शकेल असं डिझाइन न नोंदवता यंत्रावर ५० पेक्षा जास्त वेळा उतरवलं, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो.

भौगोलिक मानांकन. कोल्हापुरी चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या चार (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर) आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे. कारागिराकडून तंत्र शिकलं म्हणून शिकणाऱ्या कंपनीला ते नाव वापरायचा हक्क मिळत नाही. हे करारात स्पष्ट लिहा.

पैसे. कारागिराचं मानधन काढताना चार आकडे जोडा: त्या दिवशी बुडणारं काम, येण्याजाण्याचा खर्च, खर्ची पडणारं साहित्य आणि शिकवण्याचे पैसे. पहिले तीन देऊन चौथा गाळला जातो. कारागिराची विद्या फुकट आणि सल्लागाराची पैशाची, हा भेद करू नका. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेतली असेल तर लेखी कराराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. कारागिराला मात्र त्याच दिवशी द्या.

खबरदारी: करार कारागिराला मोठ्याने वाचून दाखवा आणि घरी घेऊन जायला सांगा. सही दुसऱ्या दिवशी घ्या.

## टप्पा ४: नुसतं बघायचे दोन दिवस

हा टप्पा गाळला जातो आणि सगळी पडझड इथूनच सुरू होते. चित्रकार थेट फलकाचं डिझाइन घेऊन येतो, टूलरूमचा माणूस कॅलिपर घेऊन. दोघांनाही अजून काम दिसलेलं नसतं. पहिल्या दोन भेटींत काहीही शिकवायचं नाही, काहीही सुचवायचं नाही. एक भेट दिवसपाळीत, एक रात्रपाळीत.

फाउंड्रीत जाताना सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल आणि अंगभर सुती कपडे घाला. नायलॉन-पॉलिएस्टरवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. ओतताना लोखंड साधारण १३५० ते १४५० अंश सेल्सिअस असतं. पाण्याची बाटली किंवा ओली वस्तू लॅडलच्या (वितळलेला धातू ओतायच्या भांड्याच्या) आसपास नेऊ नका, धातूखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. फेटलिंगमध्ये (ओतलेला भाग घासून साफ करतात तिथे) कानात इअरप्लग. ओतकाम चालू असताना फ्लॅश मारायचा नाही.

वहीत चार रकाने आखा: हात काय करतो, डोळा कुठे जातो, तोंडाने काय म्हणतो, कुठे थांबतो. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अनुभवी माणूस क्षणभर थांबतो तिथे तो निर्णय घेत असतो आणि नवख्याची चूक बरोबर तिथेच होते.

चप्पल कारागिराकडे बसलात तर हे लगेच दिसेल. कातडं पसरल्यावर तो लगेच रापी (कातडं कापायचं हत्यार) उचलत नाही. आधी दोन बोटांत धरून जागोजागी वाकवून बघतो. पाठीकडचा भाग घट्ट, तो तळाला. पोटाकडचा भाग ताणतो, तो तळाला घेतला तर चप्पल महिन्याभरात पसरते. ही वाकवून बघायची दहा सेकंदं कुठल्याही मोजमापात येत नाहीत. जिग करणाऱ्याने ती पाहिली नसतील तर तो सगळं कातडं सारखंच धरून चालेल.

प्रश्न विचारायचीही पद्धत आहे. "असं का करता?" म्हटलं की "पहिल्यापासून असंच करतोय" एवढंच उत्तर येतं. "असं केलं नाही तर काय होतं?" असं विचारा, मग खरी माहिती सुटते.

तपासा: मिलिमीटर की सूत? कारागीर आणि सुतार सुतात बोलतात, टूलरूम मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. "एक सूत इकडे" हे "तीन मिलिमीटर" म्हणून लिहिलं, तर चार सुतांत पाऊण मिलिमीटर जातो. वहीत दोन्ही लिहा.

## टप्पा ५: शिकवण्याची सत्रं

एक सत्र ९० मिनिटांचं, आठवड्यातून दोन, एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं नकोत. पाळी संपायच्या वेळी ठेवू नका, माणसाचं लक्ष बसकडे असतं. पाळी सुरू होताना ठेवा आणि तेवढा वेळ उत्पादनाच्या हिशेबातून वजा करायला मालकाची आधीच संमती घ्या. नाहीतर सुपरवायझर तिसऱ्या सत्रापासून माणसं सोडणार नाही.

सत्रातला क्रम असा:

1. शिकवणारा न बोलता पूर्ण काम एकदा करतो.
2. पुन्हा करतो, या वेळी प्रत्येक थांब्यावर बोलतो.
3. शिकणारा करतो, शिकवणारा बोलतो.
4. शिकणारा करतो आणि तोच बोलतो. शिकवणारा गप्प.
5. शिकवणारा मुद्दाम चुकीचं काम पुढे ठेवतो, शिकणारा चूक शोधतो.

पाचवी पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते. ती गाळायची असेल तर सत्र पुढे ढकलणं बरं. चूक ओळखता येते तेव्हाच कौशल्य हातात उतरलेलं असतं.

स्लाइड दाखवायच्या असतील तर शेवटी. आधी हात, मग नाव, मग कागद.

मूर्तिकार आणि पॅटर्नमेकर (ओतकामाच्या साच्यासाठी मूळ नमुना, म्हणजे पॅटर्न करणारा) यांची जोडी लावणार असाल तर पहिलं सत्र साच्यातून न सुटणाऱ्या खाचेवर घ्या. मूर्तिकार ती अडचण तुकड्यांचा साचा करून किंवा रबराचा साचा घेऊन सोडवतो, पॅटर्नमेकर सुटा तुकडा किंवा कोअर लावून. अडचण एकच असल्यामुळे ओळख लवकर पटते. पॅटर्नमेकरकडून मूर्तिकाराला, नमुना साच्यातून सहज सुटावा म्हणून कडांना द्यायच्या एक-दोन अंशांच्या उताराची सवय मिळते, मूर्तिकाराकडून पॅटर्नमेकरला वळणदार पृष्ठभाग नजरेने तपासायची. भिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कामात साधारण एक टक्का आकुंचन धरून पॅटर्न मोठा करावा लागतो, हे मात्र मूर्तिकाराला पहिल्याच दिवशी सांगा. प्लास्टरमध्ये त्याला हा हिशेब करावा लागत नाही.

## टप्पा ६: नमुना, आधी स्वस्तातला

फलक. पहिला नमुना साध्या कागदावर, टेपने चिकटवलेला. जास्तीत जास्त सहा चित्रं. चित्र कामगाराच्या बाजूने काढा, म्हणजे त्याला त्याचे हात जसे दिसतात तसे. समोरून काढलेल्या चित्रात डावं-उजवं उलटं होतं आणि कोअर उलटा बसण्याची चूक फलकच शिकवतो.

अक्षरांची उंची वाचायच्या अंतरावरून ठरवा: तीन मीटरवरून वाचायचं तर निदान २५ मिलिमीटर. चूक-बरोबर दाखवताना नुसत्या लाल-हिरव्यावर अवलंबून राहू नका. काजळी बसते, दिवा पिवळा असतो, काहींना हे दोन रंग वेगळे दिसतही नाहीत. फुली आणि बरोबरची खूण मोठी काढा. कामगार बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातले असतील तर शब्द कमीत कमी ठेवा आणि ते मराठी-हिंदी दोन्हींत द्या.

चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली चमकतं, मॅट घ्या. उष्णतेजवळ सनबोर्ड वाकतो, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.

खबरदारी: वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यात कामसूचनेला डॉक्युमेंट नंबर, रिव्हिजन नंबर, तारीख आणि मंजुरीची सही लागते. चित्रकाराने सुंदर फलक लावला आणि त्यावर नंबर नसेल तर ऑडिटमध्ये शेरा येतो आणि फलक त्याच दिवशी खाली उतरतो. क्वालिटी विभागाच्या माणसाला पहिल्या कागदी नमुन्यापासूनच बसवा. कोपऱ्यात या चार गोष्टींसाठी चौकट आधीच आखून ठेवा.

जिग. आधी पुठ्ठा, मग ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक, पसंत पडल्यावर २ मिलिमीटर पत्रा. लेझर कटिंगवाल्याकडे फाइल देताना सगळ्यात मोठी चूक मापं वाढवण्यात होते. ६ नंबरची आखणी संगणकावर टक्केवारीने वाढवून १० नंबर केला जातो. आपण ६, ७, ८ म्हणतो त्या मापात एका नंबरला लांबी ८.४७ मिलिमीटरने वाढते, म्हणजे ६ ते १० मध्ये सुमारे ३४. पण सरसकट वाढवल्यावर चीरही वाढते: २५ मिलिमीटरची चीर २८ ची होते, पट्टा मात्र तेवढाच राहतो आणि ढिला बसतो. शिवाय रुंदी लांबीच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून प्रत्येक नंबरची आखणी वेगळी करा. चिरेचं माप कायम ठेवा, फक्त तिची जागा हलवा, आणि ती जागा कारागिराच्या हातून ठरवून घ्या.

कडा कानस मारून गुळगुळीत करा, नाहीतर आरीचं टोक अडकतं. डाव्या जिगला एक भोक, उजव्याला दोन, म्हणजे अंधुक उजेडातही बोटाने कळतं. ही जिग जागा आखण्यापुरतीच ठेवा. वेणी, घाट आणि कातडं निवडणं कारागिराकडेच राहू द्या. तिथेही साचे घुसवले तर माल सारखा दिसेल, पण कोल्हापुरी चपलेची किंमत ज्या हातामुळे येते तोच हात बाजूला पडेल.

तपासा: पुठ्ठ्याच्या जिगवर दहा जोड झाले का? दहाच्या आत अ‍ॅक्रिलिक कापायला देऊ नका.

## टप्पा ७: शिकवणारा नसताना चाचणी

शिकवणाऱ्याला आणि जोडणाऱ्याला त्या दिवशी जागेवर येऊ देऊ नका. सत्रांत नसलेला तिसराच माणूस बोलवा. त्याला शिकलेला माणूस शिकवेल आणि तो काम करून दाखवेल. फलकाची चाचणी रात्रपाळीत, पहाटेच्या वेळी घ्या. जिगची चाचणी गर्दीच्या ऑर्डरच्या दिवशी.

काय नोंदवायचं: तिसऱ्या माणसाने किती वेळा विचारलं, कुठे विचारलं, काम पहिल्यांदा बरोबर झालं का. एकाच जागी दोनदा विचारलं गेलं तर दोष माणसाचा नाही, फलकाचा किंवा जिगचा आहे. टप्पा ६ ला परत जा. परत जाण्यासाठी दोन आठवडे आधीच राखून ठेवा, कारण बहुतेक वेळा जावं लागतं.

## टप्पा ८: सोपवणं आणि तीन महिन्यांनी मोजणं

सोपवताना तीन गोष्टी द्या: फलकाची किंवा जिगची मूळ फाइल, निरीक्षणाच्या वहीची प्रत आणि दुरुस्ती कोण करणार त्याचं नाव. मूळ फाइल चित्रकाराच्या लॅपटॉपवरच राहिली तर पुढच्या रिव्हिजनला कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून तोच छापतो.

तीन महिन्यांनी टप्पा १ चाच आकडा, त्याच रजिस्टरमधून, त्याच पद्धतीने काढा. मधे मशीन बदललं, माणसं बदलली, सॅन्ड किंवा कातड्याचा पुरवठादार बदलला तर ते शेजारी लिहा, नाहीतर सुधारणेचं श्रेय किंवा बिघाडाचा दोष चुकीच्या गोष्टीला जाईल.

फलकावर कुणी पेनाने काही लिहिलं असेल किंवा जिगला चिकटपट्टी लावली असेल तर पुसू नका, काढू नका. फोटो घ्या, लिहिणाऱ्याला विचारा आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये घ्या. दुसरी जोडी लावाल तेव्हा पहिल्या जोडीत शिकलेल्या दोघांपैकी एकाला शिकवणारा म्हणून बसवा आणि त्याचं मानधनही टप्पा ३ च्या कागदावर आधीच लिहा.